दोन पंचांगांची वस्ती : काशीतील मराठी मोहल्ला

काशीची गंगा उत्तरवाहिनी आहे. दक्षिणेकडून प्रवाहाबरोबर चालत निघालेला यात्रेकरू मणिकर्णिका ओलांडून पुढे गेला, की घाटांची नावे त्याच्या कानाला ओळखीची वाटू लागतात. शिंदे घाट, भोसले घाट, गणेश घाट, राम घाट, जटार घाट, ग्वाल्हेर घाट, बालाजी घाट अशी ही ओळ पंचगंगेला पोचते आणि दुर्गाघाट व ब्रह्माघाट यांच्याशी थांबते. या घाटांच्या माथ्यावर अरुंद गल्ल्यांची जी दाट वस्ती आहे, ती सुमारे चार-साडेचार शतके मराठी वस्ती म्हणून ओळखली जात आली आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वसाहतींपैकी तंजावर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील वसाहती राजसत्तेच्या छायेत वाढल्या. काशीचे तसे नाही. काशी मराठ्यांच्या राज्यात कधीच आली नाही. येथे मराठी माणूस राहिला तो विद्यार्थी, यात्रेकरू, आश्रित, दाता किंवा परागंदा म्हणून. असे असता ही वस्ती टिकली कशाने, हा प्रश्न तिच्या इतिहासाच्या मुळाशी आहे. त्याचे उत्तर दगडी घाटांपेक्षा तिच्या तिथींमध्ये आणि उत्सवांमध्ये अधिक स्पष्टपणे सापडते.

या वस्तीचा सर्वांत जुना आणि सर्वांत बोलका मराठी पुरावा एका ग्रंथाच्या समाप्तीत आहे. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपल्या टीकेचे पहिले पाच अध्याय पैठणास लिहिले आणि उरलेली टीका काशीत, मणिकर्णिकेच्या तीरी, पंचमुद्रा पीठात पूर्ण केली. एकतिसाव्या अध्यायाच्या शेवटी ते समाप्तीचा काळ सांगतात : कार्तिक शुद्ध पौर्णिमा, सोमवार. वर्ष मात्र ते दोनदा सांगतात. एकदा उत्तरेच्या रीतीने विक्रम संवत १६३०, वृष संवत्सर. आणि पुन्हा गोदातीरच्या रीतीने शालिवाहन शके १४९५, श्रीमुख संवत्सर. इसवी सन १५७३ चे ते वर्ष. ज्या भूमीत ग्रंथ संपला तिची कालगणना आणि ज्या भूमीत तो आरंभिला व ज्या लोकांसाठी लिहिला तिची कालगणना, या दोहोंना एकनाथांनी शेजारी शेजारी बसविले. मराठीतील या ग्रंथाला काशीच्या पंडितांनी विरोध केला आणि अखेरीस त्याची मिरवणूक निघाली, ही कथा चरित्रकारांच्या परंपरेने सांभाळली आहे. तिचा ऐतिहासिक निवाडा करणे अवघड आहे. ग्रंथान्तीची दुहेरी कालनोंद मात्र निःसंशय आहे, आणि काशीतील मराठी जीवनाचे सूत्र तिच्यात आधीच आले आहे.

हे दुहेरीपण समजण्यासाठी एक साधी गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, काशीत तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे वद्य पक्षात दोन्हीकडच्या महिन्यांची नावे वेगळी पडतात. दिवाळीची अमावास्या मराठी माणसाला आश्विनाची असते, तर त्याच्या काशीकर शेजाऱ्याला कार्तिकाची. शुद्ध पक्षात मात्र दोन्ही महिने जुळतात. भाद्रपद शुद्ध चतुर्थी, कार्तिक शुद्ध एकादशी, कार्तिकी पौर्णिमा या तिथी पैठणला आणि काशीला एकाच नावाने येतात. परक्या क्षेत्री राहणाऱ्या कुटुंबाला दर महिन्याला एकदा शेजाऱ्यांपासून वेगळे व्हावे लागे आणि एकदा त्यांच्याशी एक होता येई. कुलाचार, श्राद्धे आणि व्रते आपल्या गणनेने. गंगास्नाने, यात्रा आणि मेळे क्षेत्राच्या गणनेने, अशी विभागणी मग ओघानेच आली.

एकनाथ काशीत आले तेव्हा पैठणचेच एक घराणे तेथे दोन पिढ्या नांदत होते. रामेश्वरभट्ट हे या भट्ट घराण्याचे काशीतील मूळपुरुष. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांचा जन्म १५१३ चा. या घराण्याची हकीकत नारायणभट्टांचे पुत्र शंकरभट्ट यांनी ‘गाधिवंशानुचरित’ या संस्कृत काव्यात लिहून ठेवली आहे. नारायणभट्टांना त्यांच्या काळी जगद्गुरू ही उपाधी होती, आणि विश्वनाथाच्या देवळाची सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुनर्बांधणी राजा तोडरमलाच्या साहाय्याने त्यांनी करविली असे परंपरा मानते. त्यांचा ‘त्रिस्थलीसेतु’ हा प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांच्या यात्रेचा निबंध होय. त्यात विश्वेश्वराच्या लिंगाविषयी त्यांनी दिलेला निर्णय लक्षणीय आहे. राज्यकर्त्यांच्या उपद्रवाने मूळ लिंग नाहीसे झाले असले तरी त्या स्थानी जे लिंग असेल त्याचीच पूजा करावी, आणि लिंगच नसले तरी स्थानाची प्रदक्षिणा व नमस्कार चुकवू नये, असा त्याचा आशय आहे. देऊळ पडू शकते, मूर्ती हलू शकते, पण स्थान आणि आचार यांची सांगड माणसांनी राखली तर क्षेत्र नष्ट होत नाही. स्वतः गाव सोडून आलेल्या घराण्यातील शास्त्रज्ञाने हा विचार मांडावा, हे अर्थपूर्ण आहे.

नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट यांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पुरा केला. महाराष्ट्रातील घराघरांच्या सणांवर काशीचा सर्वांत दूरगामी परिणाम कशाने झाला असेल, तर तो या ग्रंथाने. चांद्र तिथी सूर्योदयाशी बांधलेली नसते. ती दिवसाच्या कोणत्याही प्रहरी लागते आणि संपते. एकच तिथी दोन दिवसांना स्पर्श करीत असेल तर व्रत कोणत्या दिवशी करावे, हा प्रश्न वर्षातून अनेकदा उभा राहतो. प्रत्येक व्रताचा कर्मकाल कोणता हे ठरवून निबंधकार त्याचे उत्तर देतात. गणेश चतुर्थी मध्याह्नी असलेली घ्यावी, रामनवमीही मध्याह्नव्यापिनी असावी, शिवरात्रीला मध्यरात्रीचा निशीथकाळ पाहावा, लक्ष्मीपूजनास प्रदोष महत्त्वाचा. या निर्णयांच्या मागे स्मृती, पुराणे आणि पूर्वीचे निबंध यांची वचने ताडून पाहण्याचे प्रचंड श्रम आहेत. शके १७१२ च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी ‘धर्मसिंधु’ रचला, तेव्हा त्यांच्यापुढेही ‘निर्णयसिंधु’ होताच. पैठणहून निघालेल्या घराण्याने गंगातीरी बसून केलेले निर्णय अशा रीतीने गोदा, भीमा आणि कृष्णा यांच्या काठी परत आले, आणि कोकणातील एखाद्या खेड्यातला उपाध्याय पंचांग उघडून सण सांगे तेव्हा त्याच्या बोलण्यामागे काशी उभी असे.

याच घराण्यातील आणखी दोन नावे महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात गेली. शंकरभट्टांचे पुत्र नीलकंठ यांचा ‘भगवंतभास्कर’ बारा मयूखांचा आहे. त्यातील ‘व्यवहारमयूख’ हा दाय, दत्तक आणि वाटणी यांविषयीचा भाग पुढे इंग्रजी अमलात मुंबईच्या न्यायालयांनी प्रमाण मानला. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे त्याला विशेष अधिकार होता, आणि त्याची चिकित्सक आवृत्ती १९२६ मध्ये पांडुरंग वामन काणे यांनी सिद्ध केली. दुसरे नाव विश्वेश्वर उर्फ गागाभट्ट यांचे. हे कमलाकरभट्टांचे पुतणे. ६ जून १६७४ रोजी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक त्यांनी केला. या प्रसंगाची चर्चा बहुधा वर्णव्यवस्थेच्या अंगाने होते आणि ती योग्यही आहे. परंतु त्याला आणखी एक अंग आहे. नव्या राज्याला ज्या विधीची गरज होती, तो विधी जाणणारा माणूस महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्तीत तयार झाला होता. वसाहतीने मूळ भूमीकडे पाहावे असा रिवाज असतो. येथे मूळ भूमीला वसाहतीकडे पाहावे लागले.

त्या राज्याभिषेकाच्या पाच वर्षे आधी, १६६९ मध्ये, औरंगजेबाच्या आज्ञेने विश्वनाथाचे देऊळ पाडले गेले. पंचगंगेवरील बिंदुमाधवाच्या भव्य देवळाचीही तीच गत झाली. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने १६६५ मध्ये हे दुसरे देऊळ पाहून त्याचे आणि त्याच्या दारापासून नदीपर्यंत उतरणाऱ्या पायऱ्यांचे सविस्तर वर्णन केले होते. त्या जागी उभ्या राहिलेल्या मशिदीचे उंच मनोरे पुढे कित्येक पिढ्या काशीची खूण ठरले. नवल असे, की लोक त्यांना ‘माधवराव का धरहरा’ म्हणत राहिले. मनोरे मशिदीचे, पण नाव माधवाचे. हे मनोरे आज नाहीत, मशीद आहे, आणि तिच्याजवळच बिंदुमाधवाचे नंतरचे, तुलनेने साधे देऊळ आहे. ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधविले.

अठराव्या शतकात मराठी सत्ता उत्तरेत पसरली तशी काशी आपल्या हाती यावी ही पेशव्यांची मनीषा वाढली. १७३५ मध्ये बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेस गेल्या. वाटेत राजपूत राजांनी आणि मोगल अधिकाऱ्यांनी त्यांचा सन्मान राखला. पुत्राच्या तलवारीचा धाक मातेच्या यात्रेस उपयोगी पडला. पण क्षेत्र मिळाले नाही. ते अयोध्येच्या नवाबाकडे राहिले आणि १७७५ मध्ये इंग्रजांच्या कंपनीकडे गेले. सत्ता मिळत नाही हे दिसले, तेव्हा मराठ्यांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी जागा विकत घेतल्या, पायऱ्या बांधल्या, अन्नछत्रे घातली. बाजीरावांच्या काळी गोदा-प्रवरा संगमाजवळच्या कायगाव टोक्याचे नारायण दीक्षित पाटणकर काशीत येऊन राहिले. पेशवे ज्यांना गुरुस्थानी मानीत अशा या सत्पुरुषाने दात्यांचा पैसा घाटांच्या कामी लावला. ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट यांची पक्की बांधणी त्यांच्या नावाशी जोडली जाते, आणि मराठी वस्ती याच दोन घाटांभोवती अधिक दाट झाली.

या दानांचा कळस म्हणजे अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास पूर्ण केलेले विश्वनाथाचे देऊळ. पूर्वीच्या जागेशेजारी, मर्यादित आवारात, लढाई न करता आणि कोणत्याही राज्यकर्त्याचा अधिकार न नाकारता ते उभे राहिले. १८२८ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी ज्ञानवापीच्या विहिरीवर खांबांचा मंडप बांधला, आणि १८३० च्या सुमारास मणिकर्णिकेच्या उत्तरेस शिंदे घाट बांधविला. या घाटाचे दगडकाम इतके अवजड होते, की ते स्वतःच्याच भाराने नदीकाठच्या गाळात खचले आणि पुढे नव्याने बांधावे लागले. राजवैभवाने बांधलेले सर्वच काही टिकत नाही, याचा हा डोळ्यांपुढचा दाखला होय.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि काशीच्या मराठी वस्तीत नवा वर्ग आला : सत्ता गेलेल्यांचा. रघुनाथरावांचे दत्तकपुत्र अमृतराव त्याआधीच इंग्रजांच्या नेमणुकीवर उत्तरेत राहण्यास आले होते. कर्वी आणि काशी ही त्यांची ठिकाणे. त्यांनी काशीत घाट व देवळे बांधली आणि ब्राह्मणभोजनावर मोठा खर्च केला. १८२४ मध्ये ते निवर्तले. दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजी आप्पा हेही काशीत येऊन राहिले. त्यांच्या पदरी मोरोपंत तांबे होते. मोरोपंतांची कन्या मणिकर्णिका, पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई म्हणून प्रसिद्ध झाली, ती काशीतच जन्मली. तिच्या जन्मवर्षाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. नाव मात्र घाटावरून ठेवलेले, याबद्दल दुमत नाही. पुण्याचा दरबार मोडला, तरी आश्रयदाता, कारकून, भट, आचारी आणि विद्यार्थी यांचे नाते काशीत आणखी काही काळ चालू राहिले.

हा आधारही आटला तेव्हा वस्ती पुन्हा विद्येकडे वळली. बनारस संस्कृत कॉलेजात १८४२ मध्ये बापूदेव शास्त्री अध्यापक झाले. त्यांचे नाव नृसिंह, आडनाव परांजपे, घराणे गोदातीरच्या टोक्याचे. ज्या परिसरातून नारायण दीक्षित आले, त्याच परिसराने शतकभरानंतर हा गणिती काशीला दिला. भारतीय सिद्धांत आणि युरोपीय गणित या दोहोंत त्यांचा अधिकार होता. ‘सूर्यसिद्धांता’चे त्यांचे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या करणग्रंथांवरून काढलेली ग्रहस्थाने आकाशाशी जुळत नाहीत हे ओळखून त्यांनी वेधांशी मेळ घालणारे पंचांग काढले. १९०० मध्ये त्यांचे निधन झाले. कमलाकरभट्टांनी तिथी कोणत्या दिवशी घ्यावी हे वचनांवरून ठरविले. बापूदेवांनी तिथी खरोखर केव्हा लागते हे आकाशावरून पडताळले. दोघांच्या मध्ये अडीचशे वर्षांचे अंतर आहे. काम एकाच परंपरेचे आहे. काळाची नोंद चोख ठेवणे हा या मोहल्ल्याचा खरा व्यवसाय होता, असे म्हणता येईल.

आजचा प्रवासी या गल्ल्यांत येतो तो बहुधा उत्सवाच्या निमित्ताने. मराठी वस्तीचा सार्वजनिक उत्सव म्हणजे भाद्रपदातील गणेशोत्सव. लोकमान्यांनी १८९३ नंतर महाराष्ट्रात या उत्सवाला जे सार्वजनिक रूप दिले, ते त्या शतकाच्या अखेरीस ब्रह्माघाटावर पोचले. मराठी आरत्या, कीर्तन, वेदपठण आणि गायन यांच्या जोरावर तो चालत आला. गणपती काशीला नवा नव्हता. धुंढिराज आणि छप्पन्न विनायकांचे हे क्षेत्र आहे. नवे होते ते मातीची मूर्ती मांडून दिवस मोजण्याचे आणि मग ती नदीला देण्याचे. चतुर्थी शुद्ध पक्षातील, म्हणून दोन्ही पंचांगांत एक. शेजारी सहज सामील झाले.

दुसरा उत्सव कार्तिकाचा, आणि तो पंचगंगेचा. किरणा, धूतपापा, गंगा, यमुना आणि सरस्वती या पाच प्रवाहांचा येथे संगम मानला आहे, आणि कार्तिकस्नानाचे मोठे पुण्य ‘काशीखंडा’ने याच घाटाला दिले आहे. आश्विनी पौर्णिमेपासून महिनाभर पहाटे स्नाने होतात आणि संध्याकाळी उंच बांबूंना वेताच्या टोपल्या दोरीने वर चढवून त्यांत दिवे ठेवतात. हे आकाशदीप पितरांच्या वाटेसाठी. घाटावर दगडी ‘हजारा’ दीपस्तंभ आहे. त्याचे श्रेय परंपरा अहिल्याबाईंना देते. जेजुरीच्या किंवा कोल्हापूरच्या देवळापुढची दीपमाळ पाहिलेल्याला हा आकार परका वाटत नाही. कार्तिकी पौर्णिमेस हा स्तंभ उजळतो. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात, १९८५ च्या सुमारास, या घाटावरील दीपोत्सव नव्या उत्साहाने सुरू झाला आणि पाहता पाहता सर्व घाटांवर पसरला. देवदीपावली म्हणून आज तो सर्वत्र ओळखला जातो, आणि त्या रात्री नदीवर नावांची दाटी होते. हीच ती तिथी, जिच्यावर एकनाथांनी आपली टीका संपविली. नावेतून दिवे पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते, पण तिथी आपले काम चोख करीत आली आहे.

या वस्तीची भाषा मात्र तिथीइतकी स्थिर राहिली नाही. काशीत जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर (१८८३–१९५५) हे मराठी घरातील. ‘आज’ या दैनिकाचे संपादक म्हणून त्यांनी हिंदी वृत्तपत्राला शिस्त आणि शब्द दिले; ‘राष्ट्रपती’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. मराठी वस्तीने हिंदीला एक थोर संपादक दिला, हा अभिमानाचा विषय आहे. त्यातच हेही दिसते, की पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेल्या कुटुंबांचे बाहेरचे लेखन आणि बोलणे हिंदीत होत गेले. मराठी उरली ती स्वयंपाकघरात, आरतीत आणि नात्यांच्या नावांत. वेदपठणाची परंपरा अधिक काळ टिकली. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेचे मुख्य आचार्यत्व काशीचे लक्ष्मीकांत दीक्षित यांच्याकडे होते. हे घराणे मूळ महाराष्ट्रातील. त्याच वर्षी जून महिन्यात ते निवर्तले.

काळानुरूप या मोहल्ल्याचे रूप बदलते आहे. विश्वनाथ मंदिराच्या परिसरात जुन्या गल्ल्या मोकळ्या करून झालेला नवा मार्ग १३ डिसेंबर २०२१ रोजी खुला झाला, आणि त्यात अहिल्याबाईंचा पुतळा आहे. पुतळ्याने दात्याची आठवण राहते. वस्तीची आठवण पुतळ्याने राहत नाही. ती राहते पुरोहिताच्या वहीत, जेथे महाराष्ट्रातील गावांची आणि कुळांची नावे पिढीवार लिहिलेली असतात. काशीयात्रेहून परतल्यावर गावाला घातल्या जाणाऱ्या मावंद्यात. आणि घराच्या भिंतीवरील खिळ्याला टांगलेल्या पंचांगात. घाट बांधणारी राज्ये गेली. ज्यांनी राज्य केले नाही, केवळ दिवस मोजले, त्यांनी ठरविलेल्या मध्याह्नी महाराष्ट्रात आजही गणपती बसतो. वद्य पक्षात काशीकर मराठी माणूस शेजाऱ्याहून वेगळ्या महिन्यात असतो. शुद्ध पक्ष उजाडला, की दोघांचा महिना पुन्हा एक होतो.